काकूने अडवलेल्या चिठ्ठ्या

घरपट्टीची जुनी पावती शोधताना परवा दुपारी कपाटाच्या तळाशी थोरल्या काकांची दवाखान्याची फाइल हाती लागली आणि पावती बाजूलाच राहिली. काकांना २००९ मध्ये क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा सावकाश वाढणारा कर्करोग, झाल्याचे निघाले होते. त्यांच्या एका अहवालात तेव्हा आमच्यापैकी कोणालाच न उमगलेली एक ओळ होती : १३व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गहाळ. "या आजारात त्यातल्या त्यात हा बरा प्रकार," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा काकांनी पहिला वर्ग मिळाल्यासारखे आम्हा सर्वांकडे पाहिले होते.

या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हाच तुकडा हरवलेला असतो. त्यामुळे कर्करोगाला आवर घालणारे एखादे जनुक तिथे असणार, या अटकळीने संशोधक अनेक वर्षे ती जागा उकरत होते. पण प्रथिन बनवणारे, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असे जनुक काही सापडेना. २००२ मध्ये फिलाडेल्फियातील जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाला तिथे जे सापडले ते प्रथिन बनवतच नव्हते. ते होते मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे दोन मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनए या डीएनएच्या भावंड-रेणूचे चिमुकले तुकडे, जेमतेम २२ अक्षरांच्या आसपासचे.

मायक्रोआरएनए म्हटले की मला आमची काकूच दिसते, त्याला माझा इलाज नाही. काकांना रक्तदाबाचा विकार होता आणि फरसाणाचे वेड होते. दुपारी घर आडवे झाले की ते वहीच्या पानाचा कपटा फाडून त्यावर शिसपेन्सिलीने "फरसाण, पाव किलो, ताजे असल्यास" असे लिहीत आणि मला वाण्याकडे पिटाळत. ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली काकू मान वर न करता नुसता हात पुढे करी. चिठ्ठी तिच्या कनवटीला जाई आणि मी आल्या पावली परत. ती काकांशी भांडत नसे, त्यांची पेन्सिलही काढून घेत नसे. पेशीतही असेच चालते. जनुक आपल्या जागी शाबूत असते, त्याचा निरोप घेऊन मेसेंजर आरएनए प्रथिन घडवणाऱ्या रायबोसोमकडे निघालेला असतो, आणि वाटेत हा चिमुकला मायक्रोआरएनए आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाचा हात धरून त्याला चिकटतो व त्याचे वाचन थांबवतो किंवा त्याला नष्टच करवतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये हे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत दाखवले, तेव्हा ती त्या कृमीचीच खासगी लकब असावी, असे बहुतेकांना वाटले. नोबेल मिळायला २०२४ उजाडले.

गंमत अशी की मायक्रोआरएनए सगळी चिठ्ठी वाचत नाही. त्याच्या आरंभाची सहा-सात अक्षरे जुळली की त्याला पुरते, आणि म्हणूनच एकटा मायक्रोआरएनए शेकडो निरोपांना आवर घालू शकतो. काकूही चष्म्यावाचून पहिली दोन अक्षरेच पाहत असे, आणि एकदा तिने "फरशी पुसण्याचे फिनेल, एक बाटली" हे केवळ "फर" एवढ्यावरून कनवटीला लावले होते.

मे महिन्यात काकू माहेरी गेली की घरात काय होई, ते सांगायला नको. मिर-१५ आणि मिर-१६ जे निरोप अडवतात त्यांत बीसीएल-२ या प्रथिनाचा निरोप असतो, आणि पेशीसाठी त्याचा मजकूर "मरू नकोस" एवढाच आहे. अडवणारे गेले की पेशी मरायचे विसरतात आणि रक्तात साचत राहतात. मात्र अडवणारे सगळेच घराच्या भल्याचे नसतात. अनेक कर्करोगांत वाढलेला आढळणारा मिर-२१ हा पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पीटेनसारख्या प्रथिनांचेच निरोप दाबतो. तो फिनेल अडवणाऱ्यांपैकी.

कर्करोगात जीव जातो तो बहुधा रोग पसरल्यामुळे. एरवी पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाच्या आधारे शेजारच्या पेशींना धरून असतात, झेब-१ आणि झेब-२ ही प्रथिने ती पकड सोडवतात, आणि मिर-२०० कुटुंब नेमके या दोघांचे निरोप अडवते. मिर-२०० ओसरले की पेशी सैल होऊन वाटेला लागते. इथवर गोष्ट सरळ आहे. पण दूरच्या अवयवात पोहोचलेल्या पेशीला तिथे बिऱ्हाड थाटताना हेच मिर-२०० मदत करते, असेही उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. हे वाचून मी वैतागून मासिक मिटले होते, कारण गोष्टीतल्या माणसांनी मध्येच बाजू बदललेली मला लहानपणापासून खपत नाही.

हरवलेला अडवणारा बाहेरून आणून बसवण्याचा प्रयत्नही झाला. मिर-३४ ची नक्कल चरबीच्या सूक्ष्म गोलकांत भरून रुग्णांना देण्यात आली, पण प्रतिकारशक्ती बिथरून काही जण दगावले आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबली. त्याच वर्षी अमेरिकेत काकांच्या आजारातील एका वाईट प्रकारासाठी व्हेनेटोक्लॅक्स या गोळीला मान्यता मिळाली. ही गोळी चिठ्ठीच्या भानगडीत पडत नाही, थेट बीसीएल-२ लाच गाठते. काका २०१३ मध्येच न्यूमोनियाने गेले होते.

काकू त्यांच्या दहा वर्षे आधी गेली. आता फरसाणाला रान मोकळे, असे आम्हाला वाटले होते, पण त्यानंतर काकांनी कोणाला वाण्याकडे पाठवल्याचे मला आठवत नाही. फाइलच्या मागच्या खिशात वहीच्या पानाचा एक कपटा घडी घालून ठेवलेला आहे. त्यावर शिसपेन्सिलीने, त्यांच्याच अक्षरात, "फर" एवढेच लिहिले आहे आणि पुढे कोरे आहे. फरसाण की फरशी, कोण जाणे.