हॉलमधलं स्वयंपाकघर

ठेकेदार म्हणाला तीन आठवडे. मी मनात पाच धरले होते, लागले सात. ओटा फोडायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघर हॉलच्या कोपऱ्यात हलवलं, तेव्हा डोक्यात एकच होतं: शिजवायचं कशावर? तो प्रश्न सगळ्यात आधी सुटला. रडवलं ते ज्यांचा विचारच केला नव्हता त्यांनी.

गॅस बंद करून इंडक्शन शेगडी आणली आणि कळलं, घरातली निम्म्याहून जास्त भांडी तिच्यावर तापतच नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच भांडं कामाचं. फ्रिजवरचं चुंबक काढून एकेक पातेलं उलटं करत बसले. ॲल्युमिनियमची बाद, तांब्याच्या बुडाची बाद, स्टीलचीसुद्धा दोन बाद. अकरातली चार पास झाली. बरंच झालं म्हणा, भांडी कमी म्हणजे घासणंही कमी.

मग वीज. शेगडी 2000 वॉटची, पाण्याची किटली 1500 वॉटची, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. दोन्ही चालू केल्या की काहीच व्हायचं नाही. थोड्या वेळाने एमसीबी, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, ट्रिप. परत वर केला की परत तेच. लगेच ट्रिप झाला असता तर कारण कळलं असतं. हा वेळ घ्यायचा, म्हणून दोन दिवस मी बिचाऱ्या किटलीलाच शिव्या घातल्या. वायरमनने बोर्डाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ताई, हे जळेल." हॉलची ती लाइन 10 अँपिअरची, आणि 230 व्होल्टवर 3500 वॉट म्हणजे 15 अँपिअर. एवढ्या जादा लोडला एमसीबीतली पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. तोवर बोर्ड तापत राहतो. त्याने मेन बोर्डापासून जाड वायर ओढून शेगडीला स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट दिला. तोडफोडीच्या आधीच सांगितलं असतं तर एका खेपेत झालं असतं.

धुळीचं थोडक्यात सांगते. दाराला प्लास्टिक लावलं, फटीत ओलं फडकं कोंबलं, तरी ताटावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. शेवटी सगळी भांडी झाकणाच्या डब्यात गेली.

खरा छळ घासण्याचा. बाथरूममध्ये उकिडवं बसून घासायचं, आणि चौथ्याच दिवशी खरकटं जाळीत अडकून पाणी तुंबलं. त्यानंतर नियम केला: ताट आधी कचऱ्यात झटकायचं, कागदाने पुसायचं, मगच पाणी. दोन टब, एकात किटलीतलं गरम पाणी घालून साबण, दुसऱ्यात साधं. पाठीचं दुखणं मात्र गेलं नाही, तिसऱ्या आठवड्यात टब स्टुलावर ठेवायचं सुचेपर्यंत. इतकी साधी गोष्ट सुचायला तीन आठवडे का लागले, ते विचारू नका.

सातव्या आठवड्यात सिंक बसलं, नळ आला. मी टबातली भांडी उचलून निघाले, तर मिस्त्री म्हणाला, "सिलिकॉन ओलं आहे, उद्यापर्यंत पाणी लावू नका."

त्या रात्रीचीही भांडी बाथरूममध्येच.