डीबी रूमच्या दाराबाहेरचं चित्रण

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं ते चित्रण नेमकं कुणाचं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी रात्रभर ठाण्यात ठेवलं त्याचं, की फाटकाबाहेर रात्र काढलेल्या त्याच्या वस्तीचं? कायद्यात याचं उत्तर सोपं आहे. मला ते पुरत नाही, म्हणून लिहिते आहे.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनलवर वकील आहे. आमच्याकडे विहिरीवरचा पंप चोरीला गेला की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीवर जाते. पारधींसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. गाडीचा रस्ता बदलला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात अशाच एका पंपापायी हा मुलगा संध्याकाळी उचलला गेला. अटक दाखवली नाही, नोटीस नाही, स्टेशन डायरीत ओळ नाही. सकाळी सोडला तेव्हा डावा हात कोपरापासून सुजलेला.

त्याची आत्या वस्तीतल्या बायांना घेऊन कोर्टात आली. मला वाटलं, मारहाणीचं सांगेल. ती म्हणाली, "बाई, तिथं भितीला पाटी हाय. पोरीनं वाचून दावली. क्यामेरा हाय म्हनं, अन् त्यातलं मागायचा हक हाय म्हनं. मंग चला की मागाया." सातवीतल्या नातीने रात्री फाटकाशी उभं राहून ती पाटी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

ती पाटी सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने तिथे आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात फाटक, कोठडी, व्हरांडा, निरीक्षक-उपनिरीक्षकांच्या खोल्या, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत. ठाण्याचा कुठलाही भाग सुटता कामा नये. चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष ठेवायचं. आणि लोकांना हे कळावं म्हणून दाराशी मोठी पाटी, लोकांच्या भाषेत. आमच्या बार रूममध्ये हा निकाल फार थोड्यांनी वाचलाय. मला त्याचा राग येतो, कारण अशा कामात दिवस वाया घालवून चालत नाही. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि लहान डिस्क बसवली असेल तर ते काही आठवड्यांतच होतं.

अर्ज कसा लिहायचा हे मी अनुभवातून शिकले आहे. 'त्या रात्रीचं फुटेज द्या' असं कधी लिहायचं नाही. कुठला कॅमेरा, किती ते किती, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन तास जास्त. आधी 'जतन करा', मग 'प्रत द्या'. जतनाला नाही म्हणणं कुणालाही अवघड जातं. एक प्रत पोलीस अधीक्षकांना, एक ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा देखरेख समितीला. आणि आवक क्रमांकाची, शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय ठाण्यातून हलायचं नाही.

ठाणे अंमलदार म्हणाला, "मॅडम, कॅमेरे बंद आहेत." मी म्हटलं, ठीक आहे. मग निकालाप्रमाणे बंद काळात ठाण्यात झालेल्या अटका आणि चौकश्यांची नोंद समितीकडे गेली असेल, तिची प्रत द्या. तो आत गेला. परत आला तो निरीक्षकांना घेऊन, आणि कॅमेरे चालू होते.

निरीक्षक सरळ माणूस. त्यांना 'उद्या या' म्हणता आलं असतं. त्यांनी मला आणि आत्याला मॉनिटरसमोर बसवलं. गुन्हे शोध पथकाच्या खोलीत, म्हणजे डीबी रूममध्ये, कॅमेराच नव्हता. पण दाराबाहेरचा व्हरांडा दिसत होता. मुलगा आत जाताना स्वतःच्या पायांनी गेला. साडेचार तासांनी दोघांनी धरून बाहेर आणला. आवाज नव्हता. मधल्या साडेचार तासांत पडद्यावर एक बंद दार होतं. आत्या ते दार बघत बसली. पुढे सरकवू का, असं विचारलं तर म्हणाली, नको.

पंचनामा मी हट्टाने नीट करून घेतला. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. ही गोष्ट त्याच दिवशी लिहून घेतली नाही तर पुढे उलटतपासणीत सगळा पुरावा त्या सतरा मिनिटांवर अडतो. मोबाइलवरची वेळ आणि मॉनिटर एकाच फोटोत घेतले. प्रतीत नंतर बदल झाला तर कळावा म्हणून तिची हॅश व्हॅल्यू काढली. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं. दुसरा भाग तज्ज्ञाचा, तो लोक हमखास विसरतात. पंच म्हणून ठाण्याने नेहमीचे दोघे बोलावले होते. मी वस्तीतल्या दोन बाया मागितल्या, निरीक्षकांनी मान्य केलं. एकीने सही केली, दुसरीने अंगठा. इतक्या वर्षांत इतका स्वच्छ पंचनामा मी पाहिलेला नाही.

प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला न्यायालयाने ठाणेप्रमुखाला निदान दोन वर्षं द्या, असं सांगितलं होतं. या निरीक्षकांची बदली दोन वर्षं भरण्याआधीच झाली. चित्रणामुळे झाली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही.

आणि मुलगा तक्रारीवर सही करत नाही. "मला ते बघायचं नाही," एवढंच म्हणतो. वडील म्हणतात, "वकीलबाई, आम्हाला इथंच ऱ्हायचंय." राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत, ऊसतोडीला जाणारं कुटुंब तिथल्या तारखा कशा करणार, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. आत्या मात्र भांडते. "ते त्याच्या एकट्याचं हाय का? आज ह्याला नेलं, उद्या माझ्या लेकराला." आमचे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, अशिलाची इच्छा नाही, फाइल बंद करा. अशील तो आहे, हे मला मान्य आहे. पण चित्रण मागायला तो आला नव्हता. त्या बाया आल्या होत्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंची बातमी वाचून. त्या आठवड्यात मी मुलाचं नाव न घेता बायांच्या सह्यांचा एक अर्ज जिल्हा समितीला केला: डीबी रूममध्ये कॅमेरा बसवा. समितीवर विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक असतात. लोकांनी निवडून दिलेलं माणूस म्हणून शहरात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. आमच्या जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक होता. या समितीत न्यायालयाने लोकांसाठी ठेवलेली एकुलती एक खुर्ची निवडणुकाच न झाल्याने रिकामी होती, आणि जिल्ह्यात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आत्याला हे समजावलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मंग तवर आमाला बसवा."

मी ती मागणी अर्जात घातली: अध्यक्ष निवडून येईपर्यंत वस्तीतल्या दोन महिलांना समितीच्या बैठकीला बोलवावं. कॅमेऱ्याबद्दल 'प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर' असं पत्र आलं. बायांना बोलावण्याबद्दल त्यात शब्द नाही. सीलबंद प्रत मुदत संपल्यावरही नष्ट करू नये, असा वेगळा अर्ज मी देऊन ठेवला आहे. त्यावर मुलाची सही नाही, आत्याची आहे.