ताणा तुटला तरी

रविवार, रात्री साडेअकरा

आज माझी कादंबरी लोकांच्या हातात गेली. लिहायला सात वर्षं लागली, छापून यायला पाच महिने, आणि प्रकाशनाचा कार्यक्रम दीड तासात आटोपला. घरात सगळे झोपलेत, बाहेर थंडी चांगलीच पडलीय, आणि माझा काही केल्या डोळा लागत नाही. म्हणून वही उघडली.

सोलापुरात नव्या पेठेतलं लहानसं सभागृह घेतलं होतं, 60 खुर्च्यांचं. व्यासपीठावर मोठं नाव कुणाचंच नव्हतं. पुस्तक मीच काढलेलं, मागे कुठली प्रकाशन संस्था नाही, मग कार्यक्रम तरी दुसऱ्यांच्या रीतीनं कशाला करायचा? छापायच्या आधी ज्या चौघांनी पानं वाचली होती, त्यांनाच बोलायला सांगितलं. एक शाळेतल्या बाई, एक सिव्हिलमधली नर्स, एक इंजिनिअरिंगचा मुलगा आणि आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशी. अट एकच होती, जे खटकलं ते आधी बोलायचं, माझ्या तोंडाकडे बघायचं नाही.

मावशींच्या घरात तेलुगू. मराठी वाचतात, पण सावकाश, ओठ हलवत. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिनं सासूला लई वाईट दाखवलंय. सासू पन कवा तरी सून होती की. तिचं एक पान लिवायला पायजे होतं." एवढं बोलून खाली बसल्या. माझ्या पोटात खड्डाच पडला, कारण ते पान मी लिहिलं होतं आणि तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी काढून टाकलं होतं. लांबतंय म्हणून. सात वर्षांत हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पुस्तकात नसलेलं पान त्यांना बरोबर दिसलं.

300 प्रतींपैकी 74 आज गेल्या. प्रत्येक प्रतीत एक पोस्टकार्ड ठेवलंय, माझा पत्ता घातलेलं. शेवटच्या पानावर विनंती छापलीय, वाचून झालं की चार ओळी लिहा, कुठं थांबलात आणि का थांबलात ते लिहा. खाली फोन नंबर. पोस्टकार्ड अजूनही 50 पैशांना मिळतं. 300 कार्डांचे 150 रुपये झाले. कागद, छपाई, मुखपृष्ठ यांच्या हिशेबात ही सगळ्यात लहान रक्कम, पण मला तीच सगळ्यात मोलाची वाटते.

सोमवार

सकाळी कामावर, पतसंस्थेत, पोचते न पोचते तोच फोन. काल प्रत घेतलेल्या एक बाई रात्रभर वाचत होत्या. "ताई, 128 पानानंतर परत 113 आलंय. मधलं कुठंय? त्या पोरीचं काय झालं?"

डोकं सुन्न झालं. संध्याकाळी घरी येऊन सगळे गठ्ठे सोडले, चटईवर मांडले आणि एकेक प्रत चाळली. पुस्तक 16-16 पानांच्या फॉर्मांमध्ये छापतात, घड्या घालून एकावर एक रचतात आणि मग बांधतात. रचताना कुणाच्या तरी हातून आठवा फॉर्म दोनदा उचलला गेला आणि नववा राहून गेला. म्हणजे 129 ते 144 ही पानं गायब. घरातल्या प्रतींत अशा 11 निघाल्या. विकलेल्यांत किती गेल्या असतील, देव जाणे. बांधणावळवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, एवढं होतंच. होत असेल. पण प्रकाशक मी आहे, वाचकाला तोंड मलाच द्यायचंय. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना रात्री दहापर्यंत फोन केले, "128 च्या पुढचं पान बघता का जरा." आणखी 3 सापडल्या. उद्या बदलून देणार.

फोन ठेवताना मात्र त्या बाईंचा प्रश्न कानात होता. त्या पोरीचं काय झालं? पहिला अभिप्राय मला असा मिळाला, तक्रारीच्या पोटातून.

मंगळवार

आज कागदपत्रांचा दिवस. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं प्रकाशनानंतर 30 दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. प्रकाशक एकटी बाई असली तरी नियम तोच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून घेतला, त्याला एक पैसा लागत नाही. मी आधी दोन ठिकाणी त्याचे पैसे विचारले गेलेले ऐकले होते, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतेय. पुस्तक काढायला निघालेल्या कुणीही या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत.

पोस्टात बराच वेळ गेला. जुनी रजिस्टर बुकपोस्टाची सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, तेव्हा आम्हा पुस्तकवाल्यांच्या पोटात गोळाच आला होता. 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर. माझं पुस्तक 280 ग्रॅम भरतं. कागद निवडताना हलका, 70 जीएसएमचाच घ्या असं मी हटून बसले होते, ते त्या वीस ग्रॅमसाठी. एक प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात देऊन आले. कॉलेजात असताना तिथं बसून वाचलेलं आहे, टेबलावर आपलंच पुस्तक ठेवताना हात थरथरला.

रात्री भाचा आला. त्याला वाटतं मी फार हळू चाललेय. "मावशी, माझ्या ग्रुपमधली दहाजण अॅमेझॉनवर पाच-पाच तारे देतील, तू फक्त हो म्हण." त्यातल्या एकानंही पुस्तक उघडलेलं नाही. परवा एका अनोळखी माणसाचाही फोन आला होता, पैसे दिले की पन्नास अभिप्राय टाकून देतो म्हणे. भाच्याला जवळ बसवून सांगितलं, एक तर तिथं नातेवाइकांनी आणि जवळच्या मित्रांनी अभिप्राय लिहायचा नाही असा नियमच आहे. आणि नियम नसता तरी मला ते नको. ज्या माणसानं 250 रुपये खर्चून पुस्तक घेतलं, तो त्या तारकांवर विश्वास ठेवून फसला, तर तो पुढच्या नवख्या लेखकाचं पुस्तक हातात धरणार नाही. माझ्या खोट्यापायी दुसऱ्या कुणाचं तरी खरं पुस्तक पडून राहील. पोरगा समजूतदार आहे. प्रत घेऊन गेला, वाचतो म्हणाला.

गुरुवार

पोस्टकार्डं यायला लागली! आज एकदम पाच. दोन मंगळवेढ्याची, एक पंढरपूरचं, दोन इथलीच. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, लई दिवसांनी कुणाच्या घरी एवढी कार्डं टाकतोय."

तिघांनी एकच वाक्य उतरवून पाठवलंय. सहाव्या प्रकरणाचा शेवट. गिरणी बंद पडल्यावर बाप शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर कामाला लागतो, आई गेल्याची बातमी घेऊन मुलगी कारखान्यात येते, आणि मी लिहिलंय, 'ताण्याचा एक धागा तुटला आणि माग थांबला.' (ताणा म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे.) खरं सांगायचं तर तीन रात्री घासूनपुसून केलेलं वाक्य आहे ते. एकीनं लिहिलंय की ते वाचून तिनं पुस्तक मिटलं आणि वडिलांना फोन लावला. हे कार्ड देवघरात ठेवलंय.

एका कार्डावर नुसतं 'छान' आहे. त्याचंही बरं वाटलं. पण 'छान' वाचून दुसरा कुणी पुस्तक उचलत नाही. 'मधली चाळीस पानं ओढून वाचली, पण कारखान्यातली भाषा आमच्या घरातली आहे' असं एकानं लिहिलंय, ते मात्र दुकानदाराला दाखवता येईल. त्यात तक्रार आहे म्हणून तर कौतुक खरं वाटतं. वितरक चाळीस-पन्नास टक्के मागतात, जाहिरातीला माझ्याकडे पैसे नाहीत. पुस्तक एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायचं तर असंच जाणार. ग्रंथाली ही प्रकाशन संस्था 1974 साली उभी राहिली ती वाचक चळवळ म्हणूनच. वाचक बोलता झाला की पुस्तकाला पाय फुटतात.

आणि इथं मला माझीच लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी एका ग्रंथप्रदर्शनात बार्शीकडच्या एका शिक्षकांनी स्वतः काढलेला कथासंग्रह मी त्यांच्याच हातून घेतला होता. वाचलाही होता. त्यातली विहिरीवरची कथा मी कितीजणींना सांगितली असेल! त्यांना मात्र एका ओळीनं कळवलं नाही. कशाला कळवायचं, त्यांना माहीतच असेल, असं धरून चालले. आज कळतंय, माहीत नसतं. लिहिणाऱ्याला काहीच माहीत नसतं. तो गठ्ठ्यांकडे बघत बसलेला असतो.

कपाटातून पुस्तक काढलं, ती कथा पुन्हा वाचली आणि रात्रीच कार्ड लिहिलं. कार्डावर जागा कमी, त्यामुळे फापटपसारा आपोआप गळतो. विहिरीत बादली सोडताना ती बाई रहाटाच्या आवाजावरून पाणी किती खाली गेलंय ते ओळखते, तिथं मी थांबले होते, असं लिहिलं. शेवटची कथा घाईत संपवल्यासारखी वाटली, हेही लिहिलं. त्यांना ते सोसेल, कारण आधीच्या ओळीवरून कळेल की मी खरंच वाचलंय. त्याच्याबरोबर आणखी चार पुस्तकं बाजूला काढलीत. सगळी आपापल्या हिमतीवर काढलेली, कुणी पीएफ मोडून, कुणी भिशीच्या पैशातून. महिन्याला दोन तरी वाचून लिहायची. लेखकाला एक कार्ड, आणि जिथं दुसऱ्या वाचकांना दिसेल तिथं दहा ओळी. गोष्ट फोडायची नाही. कुणाला आवडेल आणि कुणाला नाही, ते सरळ सांगायचं.

शनिवार

काल दुपारी एक फोन आला. भारदस्त, सावकाश आवाज, बोलण्याला तेलुगू वळण.

"ताई, कादंबरी वाचलो मी. चांगली हाय. पन 96 व्या पानावर चूक केलाव तुमी. ताणा तुटला तर माग कसा थांबंल?"

मी म्हटलं, "काका, समजलं नाही."

"फोनवर न्हाई समजनार. उद्या या."

आज अर्धा दिवस होता, गेले. कन्ना चौकाच्या पुढे आतल्या बोळात त्यांच्या पुतण्याचा कारखाना, टॉवेलचे सहा माग. स्वतः काका चाळीस वर्षं मागावर उभे होते, आता ऐकू कमी येतं म्हणून घरी. दार उघडलं आणि खडखडाट अंगावर आला. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे हे मी अभिमानानं सांगत आलेय, पण तो विणला जाताना इतक्या जवळून आजच बघितला. सात वर्षं मी यावर लिहीत होते आणि दोनदाच कारखान्यात गेले होते, तेही दारातून.

काकांनी मला मागाच्या मागच्या बाजूला नेलं. टॉवेलच्या मागाला दोन भीम, म्हणजे ताण्याचा धागा गुंडाळलेले रूळ, असतात, एक तळाच्या धाग्याचा, दुसरा वर मऊ फासे उठतात त्या धाग्याचा. त्यांनी तळाच्या ताण्यातला एक धागा नखावर घेतला आणि तोडला.

माग चालूच राहिला.

आडवा धागा नेणारा धोटा तसाच इकडून तिकडे, तसाच ठोका. काकांनी माझा खांदा धरून पुढे आणलं आणि बोटानं दाखवलं. कापडात एक बारीक उभी फट पडत चालली होती, केसाएवढी, आणि वीत-वीत वाढत होती. मग त्यांनी धोट्यातल्या कांडीचा आडवा धागा, म्हणजे बाणा, तोडला. दोन ठोक्यांत माग गप्प.

शांततेत ते म्हणाले, "बाणा तुटला तर थांबतंय. ताणा तुटला तरी ह्यो चालतंय. थांबत न्हाई म्हनून तर मानूस उभं करतेत. ध्यान न्हाई दिलं तर सगळा टॉवेल खराब." थोडं थांबून म्हणाले, "त्याची बायको मेली, तवा माग थांबला न्हाई, ताई. चालूच असनार. आमचाबी चालूच होता."

मला काही बोलता आलं नाही. तिघांनी उतरवून घेतलेलं वाक्य चूक होतं, आणि चूक नसतं तर कितीतरी जास्त खरं झालं असतं. काकांनी चहा मागवला. पुस्तकात आणखी सात ठिकाणी त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. तिथंच मागाला टेकून एकेक पान घेऊन बसलो. पाच ठिकाणी ते बरोबर होते. दोन ठिकाणी मी ऐकलं नाही, आणि त्यांनीही हट्ट धरला नाही. शेवटी मी त्यांना म्हटलं, हे सगळं चार ओळींत लिहून द्याल का, चुकांसकट, दुसऱ्या आवृत्तीत छापते. त्यांनी पोस्टकार्ड खिशातून काढलं. कोरंच होतं. म्हणाले, "मराठीत वाचतो, लिवता येत न्हाई नीट. तेलुगूत लिवू का?"

लिहा म्हटलं. पुतण्यानं फट पडलेला तेवढा तुकडा कापून दिला. तो आता इथं टेबलावर आहे, माझ्या प्रतीत 96 आणि 97 पानांच्या मधे, आणि मी त्या वाक्यातला 'थांबला' खोडलाय.