पेनड्राइव्हमधलं ऑटोकॅड

चार वर्षं माझ्या पेनड्राइव्हमध्ये पोर्टेबल ऑटोकॅड होतं, म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. इन्स्टॉल करायचं नाही, लायसन्स मागत नाही, डबल क्लिक केलं की सुरू. मी नागपुरात बेसा-मनीषनगरकडच्या घरांची सँक्शन ड्रॉइंग, म्हणजे मंजुरीसाठीचे नकाशे, करते. सीताबर्डीला प्रिंट काढायला जावं आणि ऐनवेळी जिन्याची रुंदी बदलायची निघावी, तर तिथल्याच कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून बदलायची. सोय खरंच मोठी होती.

अँटिव्हायरस मात्र पहिल्या दिवसापासून ओरडायचा. ज्यानं ते दिलं तो म्हणाला, "ताई, क्रॅक आहे म्हणून ओरडतो, बंद करून टाका." मी बंद केला. आज सगळ्यात जास्त राग मला त्या बंद करण्याचाच येतो. कंपनी ऑटोकॅडची पोर्टेबल आवृत्ती काढतच नाही, म्हणजे कोणीतरी ते उघडून, बदलून, पुन्हा बांधलेलं होतं. त्यात काय घातलं, हे मी कधी विचारलंच नाही.

गेल्या मे महिन्यात एक्सप्लोड कमांड, म्हणजे जोडलेल्या आकृतीचे सुटे भाग करणारी, चालेना. शोधता शोधता दिसलं, प्रत्येक साइटच्या फोल्डरमध्ये 'अकॅड डॉट एलएसपी' नावाची छोटीशी फाइल. मी बनवलेली नव्हती. या नावाची फाइल ड्रॉइंगशेजारी असली, की ड्रॉइंग उघडताना ऑटोकॅड तीही चालवू शकतं. २०१२ मध्ये मेड्रे नावाचा किडा, व्हायरससारखाच आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, याच वाटेनं पसरला. पेरूमधल्या लोकांची ड्रॉइंग त्यानं ईमेलनं चीनमधल्या खात्यांवर पाठवली. ऑटोकॅडच्या २०१४ च्या आवृत्तीपासून सिक्युअरलोड नावाचं सेटिंग आहे. अनोळखी फोल्डरमधलं काही चालवण्याआधी ते विचारतं. माझ्या पोर्टेबलमध्ये ते शून्यावर होतं. बंद!

मग पोटात गोळा आला. मी तर अख्खं फोल्डरच झिप करून पाठवते. स्ट्रक्चरवाल्या सरांना, प्लंबिंगवाल्याला, दोन बिल्डरांना. लोकांच्या घरांचे नकाशे आहेत ते, बेडरूम कुठं, मागचं दार कुठं, सगळं त्यात.

सरांना फोन करताना आवाज फुटत नव्हता. ते रागावले नाहीत. "या, मशीन बघू," एवढंच म्हणाले. त्यांच्या ऑफिसात दोन दुपार बसून आम्ही एकेक फोल्डर तपासलं. अठ्ठावीस ठिकाणी ती फाइल सापडली.

आता घरच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड एलटीचं, म्हणजे त्याच्याच स्वस्त आवृत्तीचं, वर्षाचं सबस्क्रिप्शन आहे. पैसे जड गेले. पेनड्राइव्हमध्ये लिब्रेकॅड ठेवलंय, नकाशांचंच दुसरं सॉफ्टवेअर, तेही पोर्टेबलच, पण उघडपणे फुकट मिळणारं. ड्रॉइंग डीएक्सएफ या फाइल-प्रकारात ठेवलं, की त्यात किरकोळ दुरुस्ती होते. एका बिल्डरचा फोन अजून लागलेला नाही. उद्या त्याच्या साइटवरच जाते.