तुम्ही विचारलंत म्हणून: गेलेली बिऱ्हाडं कशाला शोधता?

‘पाडलेले वाडे, उठलेल्या वस्त्या कशाला उकरत बसता? मिळतं काय त्यातून?’ लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा आ वासलेला असताना विचारलं. तर एकदाचं सांगतो. पैसे मिळत नाहीत. आणि वाड्यांचं मला कौतुकही नाही. चौक आणि हौद आठवून ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांना संडासापुढची रांग बरी आठवत नाही!

मला हवी असतात बिऱ्हाडं. पुण्यातला पेशव्यांचा बुधवारवाडा १८७९ साली जळाला, ती नोंद सापडते. भाडेकरू सापडत नाही. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि धारक. धारक म्हणजे मालक.

गोखलेनगरातल्या एका आजींचं बिऱ्हाड १२ जुलै १९६१पर्यंत, म्हणजे पानशेत धरण फुटून पूर आला त्या दिवसापर्यंत, नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होतं. त्यांनी टेबलावर बोटानं वाडा आखला. दिंडीदरवाजा, मग शिंपी, वर मास्तर, जिन्याखाली दळण करणारी बाई आणि तिच्या दोन मुली. कुठे अडखळणं नाही. मी भराभर लिहीत होतो. तेवढ्यात मुलगा कामावरून आला.

‘यादी कसली? बिल्डरनं पाठवलंय का?’

‘अरे, मालक गेला, वाडा गेला, आता कुठला बिल्डर?’ आजी म्हणाल्या.

‘आई, तू गप्प बस. सही केलीस का कुठे?’

सही घेतली नव्हती. ओळखपत्र दाखवलं, त्यानं ते पाहिलंही नाही. ‘पुरानंतर त्या अर्धगोल निसन हटमध्ये राहत होतो तेव्हापासून जो तो आमची नावं लिहून नेतोय,’ म्हणाला, आणि वही घेऊन त्यानं ते पान फाडलं. आजी टेबलाकडे बघत राहिल्या. मला चहा न घेता उठावं लागलं.

बसस्टॉपवर मी ती यादी आठवून पुन्हा लिहिली. जवळजवळ पूर्ण. ‘इतिहास सगळ्यांचा असतो’ असं पूर्वी व्याख्यानात ठणकावून सांगणारा मी असतो, तर ती छापूनही मोकळा झालो असतो. आज वाटतं, त्या माणसाचं काय चुकलं? मग वाटतं, ती दळणवाली आणखी कुठे आहे? दोन्ही खरं आहे आणि यादी कपाटात आहे.

मेट्रोसाठी शिवाजीनगरातली कामगार पुतळ्याजवळची वस्ती उठली, त्यातली बरीच घरं विमाननगरला गेली. वही घेऊन तिथेही जातो. ‘मिळतं काय’ असं तिथे कुणी विचारत नाही. ‘कोणाकडून आलात?’ विचारतात.