कोजागिरी, शाळेची गच्ची आणि तीन मिनिटांचे पलुस्कर

आमच्या पेठेतल्या मंडळाची कोजागिरी मला गणपतीपेक्षा जास्त आवडायची. गणपतीत लेझीमचा सराव, वर्गणी, मिरवणूक, नुसती पळापळ. कोजागिरीला मात्र संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर सतरंज्या टाकल्या की झालं, खाली पटांगणात चुलाण्यावर भलंमोठं पातेलं चढायचं, दूध आटेपर्यंत कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असं खाणं चालायचं, आणि गल्लीतले सगळे तिथं असायचे, म्हणजे घरात तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, पण गच्चीवर आलं की सगळ्यांची मिळून एकच सोलापुरी.

दूध प्यायच्या आधी तासभर 'ऐकणं' असायचं. हा शब्द अण्णांचा. अण्णा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर म्हणजे मुकादम होते, आयुष्यभर साच्यांच्या खडखडाटात काम केलेला माणूस, आणि घरी लाकडी कपाटात तबकड्या अशा जपून ठेवलेल्या की आम्हा पोरांना हात लावायची सोय नव्हती. मधले गायक दरवर्षी बदलायचे, शेवट मात्र ठरलेला. शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णू पलुस्कर. अण्णा त्यांना बापूराव म्हणायचे, घरातल्या माणसाला म्हणावं तसं. पलुस्कर गेले ते ऑक्टोबर १९५५ मध्ये, म्हणून कोजागिरीला त्यांचं गाणं लावायचं आणि त्याआधी कुणीतरी पोरानं पाच-दहा मिनिटं त्यांच्याबद्दल वाचून दाखवायचं अशी पद्धत पडलेली.

मी नववीत असताना ते काम माझ्याकडे आलं. दोन रात्री बसून लिहिलं, 'काळाने हिरावून नेलेला तारा', 'सुरांचा अकाली मावळलेला सूर्य', असं बरंच काय काय, आणि मोठ्या उत्साहानं वही घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि एकेक ओळ खोडत गेले. म्हणाले, "हे कुणाबी मेलेल्या माणसाला चालतंय की रे. ह्यांच्याबद्दल काय लिवलास ते दाखव." दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्यांनी गौड सारंग रागाची तबकडी लावली, एकदा, परत एकदा, परत एकदा, आणि सांगितलं की आता तुला काय ऐकू आलं तेवढंच लिही.

काय ऐकू आलं? पहिल्यांदा नुसता गोडवा. दुसऱ्यांदा कळलं की शब्द न् शब्द स्वच्छ लागतोय, मी नववीतला पोरगा, शास्त्रीय गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी बंदिशीचे शब्द वहीत उतरवता आले. तिसऱ्यांदा तानांकडे लक्ष गेलं, त्या छोट्या होत्या, दाणेदार, आणि कुठेही दम लागल्याची खूण नाही. तबकडीच्या तीन मिनिटांत राग उभा करायचा आणि तरी घाई दिसू द्यायची नाही, हे किती अवघड आहे ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी समजलं. तिलककामोद, श्री अशा रागांची जी काही छोटी ध्वनिमुद्रणं आहेत त्यात पाल्हाळ म्हणून नाहीच.

अण्णांचा दुसरा नियम असा की 'जगले असते तर' हे वाक्य आणायचं नाही. माणूस १९२१ साली नाशिकला जन्मला, दहा वर्षांचा असताना वडील गेले, ते वडील म्हणजे विष्णु दिगंबर, लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे, मग वडिलांच्याच शिष्यांकडे, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिकला, चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला, १९५५ मध्ये सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आला आणि त्याच वर्षी मेंदूज्वरानं गेला, वय ३४. अण्णांचं म्हणणं, जे गायलं ते एवढं आहे, ते ऐका, न गायलेल्याचं कौतुक कशाला. मला तेव्हा हे कठोर वाटायचं. आता वाटतं की प्रेमाच्या माणसाबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त गोंधळ आपण तिथंच करतो, त्याचं मरणच त्याच्या गाण्यापेक्षा मोठं करून ठेवतो.

'बैजू बावरा'चं पण तसंच. १९५२ चा सिनेमा, त्यातली ती जुगलबंदी गच्चीवर सगळ्यांना पाठ, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच की पलुस्करांनी अमीर खाँसाहेबांना हरवलं. अण्णा चिडायचे. बैजूसाठी पलुस्कर गायले, तानसेनसाठी अमीर खाँ गायले, आणि बैजू जिंकला कारण गोष्टच तशी आहे. खाँसाहेब वयानं नऊ वर्षांनी मोठे, त्यांच्या गाण्याची वाट वेगळी, संथ, खोल जाणारी. ती जुगलबंदी ऐकताना दोघांवर प्रेम करता येतं, एकाला वर नेण्यासाठी दुसऱ्याला खाली ओढायची गरजच नाही. माझ्या आवडत्या गायकाबद्दल हे लिहिताना नववीत माझा हात अडखळला होता, पण लिहिलं.

पुढे एका वर्षी मात्र वाद झाला. रेल्वेतले एक काका होते, जाणकार माणूस, ते वाचन झाल्यावर सगळ्यांसमोर बोलले की गोड आहे हो, पण खोल नाही, भजनं ऐकून लोक भुललेत. गच्चीवर एकदम शांतता. दोन-चार जण उठून भांडायच्या बेतात होते. भजनांचं म्हणाल तर त्यांच्या घरचा वारसाच तो, मैफलीत भजन गायचं ते वडिलांपासून चालत आलेलं, आणि 'ठुमक चलत रामचंद्र' ऐकून ज्याच्या आजीचे डोळे भरले नाहीत असं आमच्या गल्लीत एक घर नव्हतं. पण अण्णांनी कुणाला बोलू दिलं नाही. मला म्हणाले, हे लिहून घे, पुढच्या वर्षी वाच. आणि श्री लावला. काका मान खाली घालून ऐकत राहिले, काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी ते खरंच वाचलं, की काहींच्या मते हे गाणं गोड आहे पण खोल नाही, आणि वाचून झाल्यावर काकाच मागून म्हणाले, "आता श्री लाव की."

त्यांचं मत बदललं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना फक्त श्री परत ऐकायचा होता.

गिरण्या बंद पडल्या, पेठेतली बरीच पोरं पुण्याला गेली, अण्णा गेले, तबकड्या त्यांच्या मुलीकडे आहेत. आता गाणं मोबाईलवरून ब्लूटूथ स्पीकरला लावतो. ज्या वर्षी मला पस्तीसावं लागून पुरं झालं त्या कोजागिरीला मी गच्चीच्या कठड्याशी उभा राहून ऐकत होतो आणि पहिल्यांदाच असं झालं की गाणारा माणूस माझ्यापेक्षा लहान वाटला. त्याआधी सतत वाटायचं की कुणीतरी मोठा, समजूतदार माणूस गातोय. त्या रात्री दूध घशाखाली उतरलं नाही.

यंदा वाचायचं काम आठवीतल्या एका मुलीकडे आहे. तिनं कालच वही आणून दिली, दीड पान, मोठ्या अक्षरात. मधे एक वाक्य आहे, 'ते शब्द खात नाहीत, आमच्या शाळेत प्रार्थना म्हणताना सगळे खातात.' त्याला मी हात लावला नाही. जन्मसाल तिनं १९१२ लिहिलं होतं ते तेवढं १९२१ केलं, आणि पातेल्याला कल्हई झाली का बघायला खाली गेलो.