तीन डब्यांतून एक शर्मन

शर्मन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा; त्याचं मोटारीवर चालणारं मॉडेल जोडतोय. खालचा सांगाडा एका मोडक्या मॉडेलचा, टरेट (वरचा फिरणारा तोफेचा बुरुज) दुसऱ्याच संचातला आणि चाकांभोवतीचे धातूचे पट्टे तिसऱ्या डब्यातले. सगळं १/१६ मापाचं, म्हणजे बसायला हवं. बसलं नाही.

खऱ्या शर्मनच्या पट्ट्याची एक कडी साधारण १५२ मिमीची, म्हणजे मॉडेलमध्ये साडेनऊ. माझ्या जुन्या दातेरी चाकाचे दात किंचित जवळ होते. सरळ चालताना काही नाही. जागेवर वळवला की कडकड, आणि पट्टा बाहेर! दोन संध्याकाळी मागचं ताणचाक आवळत मोटारींना शिव्या घातल्या. शेवटी पट्ट्यांसोबत आलेलंच चाक बसवलं. जड पट्ट्यांमुळे गिअरबॉक्सचे प्लास्टिकचे गिअरही बदलावे लागले, ते वेगळंच.

खरी मजा पुढे. माझा शर्मन एम४ए१ प्रकारचा; खऱ्या एम४ए१ चा वरचा सांगाडा ओतीव पोलादाचा, म्हणून खरबरीत. माझं प्लास्टिक मात्र साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. पातळ पुट्टी लावली आणि ती ओली असतानाच ताठ झालेल्या जुन्या ब्रशने टोचत गेलो. सुकल्यावर हलका पॉलिश पेपर. बायको म्हणाली, "चांगलं होतं ते खराब का केलंस?"

रंग अजून बाकी आहे. टरेट पूर्ण फिरवला की आतली वायर पिळवटते, आधी ते निस्तरतो.